समकक्ष

चोपड्याला तहसीलबाहेर, छत्रीखालच्या टेबलाशी
स्टॅम्पवाले नारखेडे चष्म्यावरून विचारतात,
"कोणाला कोण ठरवायचंय?"
मी म्हणते, मलाच मी.
सुनयना दगडू साळुंखे आणि सुनयना प्रवीण बाविस्कर
ह्या एकच बाई आहेत, असं,
शंभराच्या कागदावर.
पासपोर्टात बाविस्करला व्ही आहे, लग्नाच्या दाखल्यात डब्ल्यू,
त्याचं वेगळं कलम.
विद्यापीठानंही मधल्या काळात नाव बदललं,
त्याला कोणी प्रतिज्ञापत्र मागत नाही.

हॅमिल्टनहून प्रवीणचा फोन येतो रात्री,
म्हणजे त्याच्या उद्या सकाळी:
"अभ्यासक्रमाचा तपशील तेवढा. सीलबंद. कॉलेजच्या शिक्क्यानिशी."

कॉलेज सावद्याला होतं. गेले,
तर आतून गार, गोडसर वास.
शैक्षणिक मानसशास्त्र घोकलं त्या खोलीत
आता केळी पिकवतात. चार दिवसांत.
वॉचमन म्हणाला, "कालेज त बंद पडलं, ताई.
आता दाखला का केयीच्या घडाले मांगशीन?"

आईकडे पत्र्याच्या पेटीत पाठ-टाचणं निघाली,
चाळीस सराव पाठ, कडेला लाल शाई:
फलकलेखन तिरपे.
प्रस्तावना लांबली.
विद्यार्थ्यांकडे पाठ करू नये.
स्कॅन केली, पानाला दोन रुपये.
दुकानातला पोरगा माझाच, सातवी ब.
पैसे घेईना; रांगेत मात्र उभं केलं.

तरी पत्र आलं. फार नम्र पत्र.
आपली पदवी येथील पदवीच्या एक पायरी खाली धरली जाईल.
निरीक्षणाखालील अध्यापनाचे तास अपुरे.
म्हणजे एक वर्ष पुन्हा बाकावर,
विशीतल्या पोरांमध्ये.
प्रवीण म्हणतो, एवढंच ना.

एवढंच.

पहिली नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याशी, आश्रमशाळेत.
प्रवेशाचं रजिस्टर माझ्याकडे, नवं पेन माझ्याकडे.
जुलै लागला आणि गुलसिंग बारेलाला मामाने आणून सोडलं
सेंधव्याकडून, डोंगरापलीकडून.
हातात चार घड्यांचा कागद: कक्षा चौथी, उत्तीर्ण.
हिंदीत. शिक्का अर्धाच उमटलेला.
मी तो उलटा धरून पाहिला, उजेडात धरून पाहिला,
आणि म्हटलं, तिकडचं इथे चालत नाही रे.
मराठी येत नाही ना? मग दुसरीत बस.

त्याला भागाकार येत होता.
तीन बोल्या येत होत्या, दात बघून शेळीचं वय येत होतं.
दुसरीच्या बाकाखाली गुडघे मावेनात,
म्हणून तो आडवा बसायचा,
दाराकडे तोंड करून.
एकदा वरच्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडताना
मी हातचा विसरले.
तो बसल्या जागेवरून, हळूच:
"मैडम, एक रह गया."
मी पुसलं. दुरुस्त केलं.
त्याला वर घातलं नाही.
नियमाची मला तेव्हा भीती होती की गोडी,
आज धड सांगता येत नाही.
दिवाळीनंतर तो परतला नाही.
मार्चात त्याच्या नावावर रेघ मारली,
लाल, पट्टी धरून, सरळ.
त्या वर्षीच्या तपासणीत शेरा होता:
रजिस्टर नीटनेटके.

फेरविचाराच्या अर्जात शेवटी एक मोकळी चौकट असते,
आणखी काही सांगायचे असल्यास.
प्रवीण म्हणतो, अनुभव टाक, अकरा वर्षं, पटसंख्या, निकाल.
मी लिहिते: मला भागाकार येतो.
पुसते.

साडेअकरा. लाईट गेलीये. मोबाईलचा उजेड
पेटीच्या गंजक्या कडीवर.
बाहेर केळीचा ट्रक मागे घेतायत गल्लीत,
कुणीतरी पत्र्यावर थापा मारत ओरडतोय,
येऊ दे, येऊ दे,
अजून येऊ दे,
बस.